उजवा कौल

"असलं कुनी इचारतं व्हय? देवाच्या पुढचं इचारायचं हिला काय नडलंवतं?"

रंगुबाई हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. सांगलीतल्या इस्पितळाच्या बाकड्यावर टोकाला बसून त्या पदराच्या गाठीतली एकेक शेंग फोडत होत्या आणि टरफलं फरशीवर नकोत म्हणून परत त्याच गाठीत भरत होत्या. त्यामुळे प्रत्येक वेळी हाताला आधी टरफल लागत होतं आणि कुरकुरीला नवं कारण मिळत होतं.

"गळ्यात ती नळी अडकवली का मानूस शानं हुतंय जनू. देवानं डावा दिला आसता तर काय केलं आसतं म्हनं!"

"हळू, आत्याबाई," मालन म्हणाली. "दार उघडं हाय."

"उघडं हाय म्हनून तर ऐकू आलं."

ते खरं होतं. समितीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं आणि रंगुबाईंचे कान सत्तरी ओलांडूनही शाबूत होते. आत सुनेला काय विचारलं आणि सुनेने काय उत्तर दिलं नाही, हे सगळं त्यांनी बाकड्यावरून ऐकलं होतं.

मालन आपली एक किडनी नवऱ्याला देणार होती. रक्त जुळलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, मोठ्या डॉक्टरांनी डाव्या बाजूची काढायची असंही ठरवून टाकलं होतं. डावीची नळी लांब असते म्हणे, काढायला बरी पडते. हे ऐकल्यावर रंगुबाईंनी का कोण जाणे, डॉक्टरांसमोरच कपाळाला हात लावून नमस्कार केला होता. आता राहिली होती ती एवढी मुलाखत. देणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की मी आपल्या खुशीने देते आहे, कुणाची जबरदस्ती नाही. पाच मिनिटांचं काम, असं खालच्या खिडकीवरच्या मुलीने सांगितलं होतं.

समितीतल्या डॉक्टर प्रियदर्शनी दिसायला मुलीच्या वयाच्या, बोलायला मऊ.

"तुम्ही स्वखुशीने देताय ना, मालनताई?"

"देवानं उजवा दिलाय, बाई," मालन म्हणाली होती.

डॉक्टरीण इकडचीच होती, तिला कौल समजावून सांगावा लागला नाही. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक कळी चिकटवतो आणि प्रश्न घालतो. देवाच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. कुणी बोअर मारताना लावतं, कुणी पोरीचं लग्न जमवताना. एवढं ठाऊक असूनही तिने विचारलं,

"आणि डावा दिला असता तर? मग दिली नसती?"

मालनने तोंड उघडलं आणि मिटलं. कॅमेऱ्याच्या तांबड्या ठिपक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. डॉक्टरीण थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने स्वतः उठून कॅमेरा बंद केला.

"देवाचं मला कळलं," ती म्हणाली. "तुमचं कळलं नाही. घाई नका करू. पुढच्या गुरुवारी या."

डायलिसिसच्या वॉर्डाचं दार ढकलून सयाजी बाहेर आला. एके काळी हे दार त्याच्या खांद्याला अपुरं पडलं असतं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आता सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता. दंडाला पट्टी, तोंडाला मास्क.

"झालं?" त्याने विचारलं.

"पुढच्या गुरुवारी बोलावलंय," मालन म्हणाली.

"का?"

"कागुद ऱ्हायलाय कायतरी," रंगुबाई घाईने म्हणाल्या आणि उठताना पदराची गाठ सुटून सगळी टरफलं फरशीवर सांडली.

---

रहिमतपूरपासून पुढे, उसाच्या पट्ट्यात त्यांची वाडी. तिथून आठवड्यातून तीनदा सांगली गाठणं झेपेना, म्हणून विश्रामबागेच्या मागे गुणमालाबाईंच्या घरातली परसाला लागून असलेली खोली भाड्याने घेतली होती. गुणमालाबाई जैन. मुलगा सम्मेद कुपवाडला कारखान्यात, सून बँकेत, घरात दिवसभर त्या एकट्या. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती, की कांदा, बटाटा, लसूण घरात आणायचा नाही. रंगुबाईंनी अट मान्य केली आणि पहिल्या आठवड्यात शेंगासुद्धा उशीखाली लपवून खाल्ल्या. जमिनीखालीच पिकतात ना. पुढे गुणमालाबाईंनीच एकदा आपल्या डब्यातल्या मूठभर शेंगा पुढे केल्या, तेव्हा रंगुबाईंना झालेला आनंद मुलाच्या रक्ताचा चांगला रिपोर्ट आल्यासारखा होता.

सयाजीच्या दोन्ही किडन्या रक्तदाबाने गेल्या होत्या. मुलगा पृथ्वीराज सीमेवर होता, त्याचा रक्तगट जुळला नाही. मालनचा जुळला. पण सयाजी तयार होईना.

"बायकूचं अंग कापून म्या जगायचं?" तो म्हणायचा. "वरनं ऑर्डर आल्याबिगर न्हाई."

"वरनं म्हंजी कुटनं?" रंगुबाईंनी विचारलं होतं.

"भैरोबाकडनं. त्यानं उजवा दिला तर घीन. डावा दिला तर इषय संपला. कुनी परत काढायचा न्हाई."

म्हणून माघातल्या एका सकाळी कौल लावला. गाभाऱ्यात तिघंच होती, गुंडा गुरव, रंगुबाई आणि मालन. सयाजीला पायऱ्या चढवेनात, तो बाहेर पारावर शाल गुंडाळून बसला होता. गुंडाने देवाला पाणी घातलं, कण्हेरीच्या दोन कळ्या लावल्या, प्रश्न घातला. थोड्या वेळाने आतून मालनचा आवाज आला.

"उजवा पडला!"

एरवी शेजारच्या रानातल्या माणसाला हाक मारायलाही दुसऱ्या कुणाला तरी सांगणारी ती बाई. पण त्या दिवशी तिचा आवाज पारापर्यंत खणखणीत आला. सयाजीने बसल्या जागी हात जोडले. गुंडा अंगारा घेऊन बाहेर आला. सयाजीच्या कपाळाला त्याने बोट टेकवलं आणि पुढे काय करायचं ते विसरल्यासारखा ते तसंच ठेवून उभा राहिला.

गावात कुणी विचारलं तर रंगुबाई एवढंच सांगत, "माझं डोळं मिटल्यालं हुतं, बाई. हात जोडल्यालं, डोळं मिटल्यालं." आणि उजवा आला तर गावभर पेढे वाटीन असं त्या बोलल्या होत्या, ते पेढे अजून वाटले नव्हते. गुंडाचा फोन आला की त्या मोबाइल पालथा घालत.

---

"आता मी डाक्टरीन," रंगुबाई म्हणाल्या.

दुपार कलली होती. परसात चटईवर दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. गुरुवार दोन दिवसांवर आला होता.

"सांग, सोखुशीनं देतीस?"

"व्हय."

"व्हय न्हवं. पुरं सांगायचं. मी माझ्या सोखुशीनं..."

"मी माझ्या सोखुशीनं देतीया."

"आसं तोंड पाडून न्हवं. म्हैस इकायला निघाल्यागत दिसतीयास. खुशीनं म्हंजी जरा हास की."

मालन हसली. रंगुबाईंनी ते हसू क्षणभर पाहिलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "हासू नगंस. भ्या वाटतंय."

आता मालन खरंच हसली. मग दोघीही हसल्या. भिंतीपलीकडे कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आनि परत देवाचं इचारलं तर?" मालन म्हणाली. "डावा दिला आसता तर काय, आसं इचारलं तर? काय सांगू, आत्याबाई? तुमी सांगा."

रंगुबाईंनी मेथीची काडी उचलली. पानं खुडली, ती टाकायच्या ढिगात टाकली आणि देठ पातेल्यात टाकला. दुसरी काडी घेतली. तिचंही तेच केलं.

"तुमी हुता की तितं," मालन हळू म्हणाली.

"माझं डोळं मिटल्यालं हुतं."

मालन हात झटकून उठली आणि सयाजीच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून खोलीत गेली.

"रंगूआक्का, आज देठांची भाजी करणार काय?"

गुणमालाबाई पाणी गाळायचं फडकं धुऊन वाळत घालायला आल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळे त्यांची संध्याकाळ सगळ्यांच्या आधी व्हायची. रंगुबाईंनी पातेल्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. गुणमालाबाई शेजारी टेकल्या, न सांगता दोन्ही ढीग पुढ्यात ओढून पानं वेगळी करू लागल्या.

थोडा वेळ दोघी काम करत राहिल्या.

"गुणमालाबाई, एक इचारू? तुमच्या देवाला सगळं ठावं आसतंय न्हवं?"

"केवलींना? हो. झालेलं, चाललेलं, होणारं. काही सुटत नाही."

"मग त्येंच्याच मर्जीनं हुतं म्हना की सगळं."

"छे. ते करत काही नाहीत. नुसतं जाणतात." गुणमालाबाईंनी एक पिवळं पान बाजूला काढलं. "मी उद्या न्हाणीत पाय घसरून पडणार, हे त्यांना आजच दिसत असणार. पण ढकलत नाहीत हो कुणी. पडते माझी मी."

"मग त्येंच्या पाया पडून काय उपेग?"

"उपयोगासाठी कुठं पडतो आक्का. त्यांच्यासारखं व्हावं म्हणून पडायचं."

रंगुबाईंना हे काही फार पटलं नाही. "आमचा तसला न्हाई," त्या म्हणाल्या. "आमचा जानतो, सांगतो, आनि करतो बी."

"सगळं तोच करतो?"

"सगळं."

"मग तुम्ही काय करता?"

रंगुबाईंनी विचार केला. "आमी?" त्या म्हणाल्या. "आमी इचारतो."

"आणि त्यानं सांगितलेलं ऐकता?"

भिंतीपलीकडची स्कूटर एकदाची चालू झाली आणि निघून गेली. रंगुबाईंनी पदर सावरला, चटईवरची माती बोटाने एका रेषेत गोळा केली, मग ती रेष पुसली.

"समजा हां," त्या म्हणाल्या, "त्यानं एक सांगितलं. आनि मानसानं दुसरंच केलं. मग हे मानूस आसं करनार, हे त्याला आदीच ठावं आसंल का?"

"सगळं जाणतो म्हणता, तर असणारच की."

"ठावं हुतं तर मग त्यानं न्हाई म्हनलंच कशाला? उगं मानसाला पापात टाकायला?"

गुणमालाबाईंचे हात थांबले. त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत मालन सयाजीला पाणी मोजून देत होती. दिवसभराचं पाणी बाटलीत भरून ठेवलेलं असायचं, त्यातलं थोडं थोडं.

"ते मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "आमच्यात तर देव असलं काही सांगतच नाही. पण सांगत असता, तर मला वाटतं, तिला कळावं म्हणून सांगितलं असेल. हो म्हणून सांगितलं असतं तर तिला कधी कळलंच नसतं, की हे आपलं आपण ठरवलंय."

"तिला? तिला कुनाला?"

गुणमालाबाई मेथीचं पातेलं उचलून उभ्या राहिल्या.

"मी मेली आपलं बोलते झालं," त्या म्हणाल्या. "धुवून देते ही. मला जेवायला बसायचंय, ऊन चाललं."

---

संध्याकाळी सयाजी पायरीवर बसला होता. पायांवर सूज होती, ती त्याने लुंगीने झाकली होती. मालन खालच्या पायरीवर, दोघांत एक हाताचं अंतर. आत रंगुबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या दिवशी घड्यांना फार वेळ लागला.

मोबाइल वाजला. रंगुबाईंनी पाहिलं आणि सवयीने पालथा घातला.

"गुंडा आसंल," सयाजी बाहेरून म्हणाला. "उचल की आये. बिचारा पेढं कवा वाटायचं इचारत आसंल."

"आपरेशन झाल्याव वाटू," रंगुबाई आतून म्हणाल्या.

"व्हय. तवाच वाटू." त्याच्या आवाजात थोडं हसू असल्यासारखं वाटलं, पण मास्कमुळे सांगता येत नव्हतं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मालन, आपल्या लग्नाला बी कौल लावलावता."

"ठावं हाय."

"उजवा पडलावता?"

"मला काय ठावं? आत कोन सोडतंय पोरीला. मी बाहीर तुमच्या पावन्यांच्या चपला राखत हुते."

"आनि डावा पडला आसता तर?"

"तर आज दुसरीच कोन तरी तुमाला पानी मोजून देत बसली आसती. आनि तुमी तिच्या नावानं बोंबलला आसता."

सयाजी हसला, मग खोकला आला. मालनने पाठीवर हात ठेवला. खोकला थांबला तरी तो हात तिथेच राहिला.

"तवा मला कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली, जशी एखादी जुनी पावसाची गोष्ट सांगावी. "त्याचं वाईट वाटलं न्हाई. कुनालाच इचारत नव्हते. पर आता, ह्या वयात, ती डाक्टरीन इचारतीया, बाई तुमचं सांगा. आनि माझं तोंडच उघडंना."

"काय इचारलं तिनं?"

घड्या घालणारे हात आत थांबले.

"कायतरी कागदाचं," मालन म्हणाली.

सयाजीने मान डोलावली. समोरच्या पेरूच्या झाडावर चिमण्यांची भांडणं चालली होती. त्याने दंडावरची पट्टी नखाने थोडी उचकटली, पुन्हा दाबून बसवली.

"फौजेत एक बरं हुतं," तो म्हणाला. "वरनं ऑर्डर आली का डोस्कं चालवायचं न्हाई. जायाचं. काय झालं तर ज्यानं ऑर्डर दिली त्याच्या अंगाव. लय सोपं. म्या बी हितं तेच केलं. भैरोबाला म्होरं घातला." तो थांबला. दम लागला होता. "पर ऑर्डर नस्ताना गेल्याला एक गडी बघितलाय म्या. दुसऱ्या जखमी गड्याला आनायला गेला. सायब न्हाई म्हनत हुता. तरी गेला."

"मग?"

"आनला की." त्याने हात पुढे केला. "दे. आजचं ऱ्हायल्यालं पानी दे."

तिने बाटलीतलं उरलेलं पाणी पेल्यात ओतलं. तो निम्मं प्यायला आणि निम्मं त्याने तिच्यापुढे धरलं. वर्षभर एकेका थेंबासाठी कासावीस होणारा माणूस. मालनने आधी नको म्हटलं. मग घेतलं.

---

गुरुवारी समितीच्या खोलीबाहेर त्याच बाकड्यावर रंगुबाई बसल्या. पदराला गाठ होती, पण शेंगांना हात लावला नाही.

दार उघडून डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या, "या, मालनताई. एकट्याच या."

मालन उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"ह्यास्नी बी आत येऊ द्या," ती म्हणाली. "आनि आत्याबाईंनाबी."

"तुमच्यावर कुणाचं दडपण नको म्हणून एकटीला बोलावतो आम्ही."

"दडपान हाय ते भाईर बसल्यालं आसलं तरी कानात बोलतंय, बाई. म्होरं आसलं तर बरं."

डॉक्टरणीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग सयाजीकडे. "एरवी मी असं करत नाही," ती म्हणाली आणि दार पुरतं उघडून धरलं.

खोलीत तीन खुर्च्या होत्या. सयाजी एकीवर बसला. रंगुबाईंना बसा म्हटलं तरी त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पंखा कुठेतरी घासत होता. कॅमेऱ्यावर तांबडा ठिपका लागला.

"नाव सांगा."

मालनने सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगताना नेहमीसारखी थोडी अडखळली. ऑपरेशनमध्ये काय होतं, काय धोका असतो, नंतर काय जपायचं, हे विचारलं, तेही तिने नीट सांगितलं. डाव्या बाजूला हात लावून दाखवलं.

"मी माझ्या सोखुशीनं," ती म्हणाली, आणि भिंतीशी रंगुबाईंचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले, "माझ्या सोखुशीनं..."

ओठ पुढे गेले. मालन मागे राहिली.

"मालनताई," डॉक्टरीण म्हणाली, "मागच्या वेळचा प्रश्न राहिलाय. तो तसाच ठेवून मला सही करता येणार नाही. देवाने सांगितलं म्हणून देत असाल, तर मला थांबावं लागेल. आणि तुमच्या मिस्टरांकडे फार वेळ नाही, हेही मला माहीत आहे."

रंगुबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. आतली एक शेंग कडकन फुटली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता, परेडला बसवल्यासारखा. डावा दिला तर विषय संपला, कुणी परत काढायचा नाही, असं म्हणाला होता तो. म्हणाला की केलंच, असा त्याचा स्वभाव. आता खुर्चीवरून उठेल, दंडावरची पट्टी ओढून काढेल, चला म्हणेल गावाला. आणि सुनेने तोंड उघडलं नाही, तर ही मऊ बोलणारी मुलगी पुन्हा उठून तो तांबडा ठिपका विझवेल. दोन्हीकडून पोरगा जाणार. रंगुबाईंना वाटलं, आपण काहीतरी बोलावं, चक्कर आली म्हणावं, खाली बसावं. त्यांनी डोळे मिटले.

मिटल्यावर गाभारा दिसला. ओली काळी मूर्ती, गुंडाचं अर्धवट उघडलेलं तोंड.

त्यांनी डोळे उघडले. आणि उघडेच ठेवले.

"बाई," मालन म्हणत होती, "तुमी इचारलं, देवानं डावा दिला आसता तर काय केलं आसतं."

"हो."

मालनने कॅमेऱ्याकडे पाठ केली. ती पुरती सयाजीकडे वळली. आयुष्यात चारचौघांत तिने त्याच्याकडे असं सरळ पाहिलं नसेल.

"डावाच दिलावता," ती म्हणाली.

पंखा घासत राहिला.

सयाजीने मास्क हनुवटीखाली ओढला. हाडकुळ्या चेहऱ्यावर दाढीचे पांढरे खुंट होते आणि त्यांच्या आत कुठेतरी ते परवाचं हसू होतं, मास्कमागून नीट न दिसलेलं.

"ते ठावं हाय मला," तो म्हणाला. "गुंडानं अंगारा लावतानाच सांगितलंय. पुढचं सांग."

भिंतीशी रंगुबाईंच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. मालनचा हात डाव्या कुशीवर होता, तो तिने तिथून काढला नाही.

"डावा त्याचा," ती म्हणाली. "उजवा मी दिला."